लाकूड, अ‍ॅक्रिलिक आणि मागचा उजेड

मागून उजेड पडणाऱ्या लाकडी पाटीची रचना साधी असते. पुढे सागवानाचा किंवा प्लायचा फळा, त्यात अक्षरे आरपार कापलेली. फळ्याच्या पाठीला दुधी अ‍ॅक्रिलिकचा पत्रा. त्यामागे एलईडीची उथळ पेटी. दिवा लागला की अक्षरे उजळतात आणि लाकूड अंधारात राहते. कापण्याचे काम हल्ली लेझर किंवा राउटर करतो, विजेचे काम वायरमन तासाभरात उरकतो. कस लागतो तो लाकूड आणि अ‍ॅक्रिलिक यांच्या सांध्यात. वर्ष-दोन वर्षांनी दुरुस्तीला परत येणाऱ्या पाट्यांत दिवे गेलेल्या असतातच. पण कोपऱ्यातून सुटलेले अ‍ॅक्रिलिक, भोकापासून निघालेली चीर, अक्षराच्या पोटातून गळून पडलेला लाकडाचा तुकडा या तक्रारी त्यांच्या जोडीला हमखास असतात.

दुकानात जाऊन लाकूड आणि प्लास्टिक चिकटेल असे काहीतरी मागितले, की दुकानदार चार नळ्या पुढे ठेवतो. त्यांतल्या बहुतेक नळ्या पहिल्या दिवशी दिलेला शब्द पाळतात. सांधा घट्ट दिसतो, पाटी पोचती होते, पैसे मिळतात. ऋतू बदलला की खरी परीक्षा सुरू होते. म्हणून कोणता गोंद वापरायचा या प्रश्नाच्या आधी, हे दोन पदार्थ एकमेकांपासून किती सरकणार, हा हिशेब मांडावा लागतो. तो मांडला की गोंदाचे उत्तर बरेचसे आपोआप मिळते.

अ‍ॅक्रिलिक उष्णतेने भरपूर वाढते. तापमान दहा अंश सेल्सिअसने चढले की एक मीटर लांबीचा पत्रा सुमारे ०.७ मिलिमीटर लांबतो. लाकूड उभ्या रेषेच्या दिशेने उष्णतेने त्याच्या पंधराव्या हिश्शाइतकेच वाढते. समजा ९० सेंटिमीटर लांबीची पाटी हिवाळ्यातल्या पहाटे १५ अंशांवर आणि मे महिन्यातल्या उन्हात ५० अंशांवर आहे. अ‍ॅक्रिलिकच्या लांबीत दोन मिलिमीटरहून थोडा जास्त फरक पडतो. लाकडाच्या लांबीत ०.१५ मिलिमीटरच्या आसपास. सांध्याला हा सारा फरक पोटात घ्यावा लागतो. पश्चिमेकडे तोंड असलेल्या दुकानावरच्या काळ्या पॉलिशच्या पाटीला ५० अंश ही काही अतिशयोक्ती नव्हे.

रुंदीत मात्र पारडे उलटते. लाकूड उष्णतेला फारसे जुमानत नाही, पण ओलाव्याने रेषेच्या आडव्या दिशेत फुगते आणि आकसते. सागवान या बाबतीत गुणी लाकूड मानले जाते, तरीही पूर्ण ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरडे होईपर्यंत ते वार्षिक वलयांच्या दिशेने पाच ते सहा टक्के आणि त्याच्या काटकोनात अडीच टक्क्यांच्या आसपास आकसते. कोरड्या उन्हाळ्यात ८ टक्के ओलावा असलेली फळी कोकणातल्या पावसाळ्यात १६ टक्क्यांवर गेली, तर ३० सेंटिमीटर रुंदीत दोन ते साडेचार मिलिमीटर फरक पडू शकतो. फळी खोडातून कशी चिरली आहे यावर नेमका आकडा ठरतो. आणि हे दोन्ही बदल एकाच वेळी, पण उलट दिशांना घडतात. मे महिन्यात अ‍ॅक्रिलिक सर्वांत लांब असते तेव्हा लाकूड सर्वांत सुकलेले असते. जुलैत हवा निवून अ‍ॅक्रिलिक आखडते, तेव्हा लाकूड पाणी पिऊन फुगलेले असते. अ‍ॅक्रिलिकही थोडा ओलावा शोषते आणि किंचित वाढते, पण त्याने ही तफावत भरून निघत नाही.

या हिशेबातून लाकडाची निवडही ठरते. रुंद, अखंड फळी दिसायला राजस असली तरी मागे अ‍ॅक्रिलिक लावायचे असेल तर ती सर्वांत कटकटीची. प्लायवूडमध्ये एकाआड एक थरांच्या रेषा काटकोनात असल्याने त्याची हालचाल खूपच कमी असते, आणि वर सागाचे व्हिनियर लावले तर चार फुटांवरून फरक कुणाच्या लक्षात येत नाही. बाहेरच्या पाटीला मरीन प्लाय घ्यावा. एमडीएफ कापायला लोण्यासारखा असतो, पण एकदा का त्याच्या कडेतून पाणी शिरले की तो फुगतो आणि पुन्हा मूळ जाडीवर येत नाही; घरातल्या नामफलकापुरता तो ठीक. गिऱ्हाइकाचा आग्रह अखंड सागवानाचाच असेल तर अरुंद पट्ट्या जोडून केलेला फळा घ्यावा आणि पुढून, मागून व कापलेल्या अक्षरांच्या कडांवरही पॉलिशचा हात द्यावा. मागची बाजू दिसत नाही म्हणून कोरी सोडलेली फळी एका बाजूने ओल पिते आणि वाकते. असा कंजूषपणा बाजारात सर्रास दिसतो.

अ‍ॅक्रिलिकच्या पत्र्यातही दोन जाती आहेत. काचेच्या दोन तावदानांमध्ये ओतून घडवलेला तो कास्ट, आणि यंत्रातून दाबून काढलेला तो एक्स्ट्रुडेड. एक्स्ट्रुडेड स्वस्त असतो, त्याची जाडी सगळीकडे एकसारखी असते. पण त्याच्या पोटात ताण कोंडलेला राहतो. अशा पत्र्याला तीव्र द्रावक लागला की त्यावर बारीक चिरांचे जाळे उमटते. मागून उजेड आला की ते जाळे लखलखते. लेझरने कापलेल्या कडेवरही असा ताण राहतो, कास्ट पत्र्यातसुद्धा. म्हणूनच लेझरवरून नुकताच उतरलेला तुकडा स्पिरिटने किंवा काच पुसायच्या फवाऱ्याने पुसणे धोक्याचे. अल्कोहोल आणि ताण एकत्र आले की थोड्याच वेळात कडेपासून चिरा आत सरकू लागतात. पातळ साबणाचे पाणी आणि मऊ सुती फडके एवढेच पुरते. मोठ्या कामात कापलेले तुकडे ८० अंशांच्या आसपास काही तास भट्टीत ठेवून सावकाश थंड करतात. तेवढी सोय नसेल तर निदान द्रावक कडेपासून दूर ठेवावा.

आता गोंद. अ‍ॅक्रिलिकला अ‍ॅक्रिलिक जोडणारे कारागीर क्लोरोफॉर्म किंवा डायक्लोरोमिथेन वापरतात. ड्रॉपरने दोन थेंब सांध्यात सोडायचे, दोन्ही पृष्ठभाग विरघळून एकजीव होतात. लाकडावर मात्र ही किमया चालत नाही. लाकूड विरघळत नाही. ते द्रव शोषून घेते आणि अ‍ॅक्रिलिकच्या बाजूला फक्त डाग उरतो. शिवाय या द्रवांची वाफ यकृताला घातक असते, बंद खोलीत त्यांच्याशी खेळणे वाईट. पांढऱ्या फेविकॉलची गोष्ट नेमकी उलटी. लाकूड त्यातले पाणी पिते आणि त्याला घट्ट धरते. अ‍ॅक्रिलिक गुळगुळीत आणि बंद पोताचे असल्याने त्याच्या बाजूची पापडी नखाने सुटते.

झटपट गोंद, म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट, दोघांनाही पकडतो आणि क्षणात पकडतो. त्याच्या दोन खोडी आहेत. त्याची वाफ हवेतल्या ओलाव्यात गोठून आजूबाजूच्या अ‍ॅक्रिलिकवर पांढुरकी साय धरते, आणि सुकलेला थर ठिसूळ असतो. मोठ्या पत्र्याच्या कडेला तो लावला तर पहिल्याच उन्हाळ्यात टकटक आवाज करत सुटतो. दोन नळ्यांचा इपॉक्सी अधिक ताकदीचा, पण तोही ताठ. उन्हात तो पिवळा पडतो आणि दुधी पत्र्यामागे सांडला असेल तर ती पिवळी झाक पुढून दिसते. सनमायका चिकटवायचा रबरी गोंद सुताराच्या हाताशी कायम असतो, म्हणून तो वापरायचा मोह होतो. त्यातल्या द्रावकाने पत्रा चिरण्याची भीती असते, आणि एकदा टेकवले की तुकडा अर्धा मिलिमीटरही सरकवता येत नाही. अक्षरे जुळवायच्या कामात हे परवडत नाही.

लांब सांध्यासाठी उरतात दोन पर्याय, दोन्ही लवचिक. पहिला सिलिकॉन. दुकानात सहज मिळतो तो व्हिनेगरसारख्या वासाचा. सुकताना त्यातून अ‍ॅसिटिक आम्ल निघते आणि बंद पेटीत ते एलईडीच्या पट्टीवरचे तांबे खाते. म्हणून न्यूट्रल लिहिलेली नळी मागून घ्यावी. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत सुकत जातो, दिवसाला साधारण दोन-तीन मिलिमीटर. त्यामुळे पॉलिश केलेला फळा आणि अ‍ॅक्रिलिक यांच्यामध्ये तो मोठ्या पृष्ठभागावर फासला तर मधला भाग दिवसेंदिवस ओलाच राहतो. कडेने सात-आठ मिलिमीटर रुंदीची एक रेघ द्यावी आणि दोन मिलिमीटर जाडीचे ठोकळे ठेवून थराची जाडी राखावी. दाबून पातळ केलेला सिलिकॉन ताणच घेऊ शकत नाही. आणखी एक सावधगिरी पॉलिशवाल्यांना तोंडपाठ असते: सिलिकॉनचा हात ज्या लाकडाला लागला त्यावर मेलामाइन किंवा पीयू नीट बसत नाही, गोल गोल डोळे पडतात. पॉलिशचे काम पूर्ण आटोपल्यावरच सिलिकॉनची नळी कापावी.

दुसरा पर्याय दुहेरी फोमची चिकटपट्टी. थ्रीएम कंपनीने १९८० मध्ये आणलेली व्हीएचबी ही यातली नावाजलेली. तिची १.१ मिलिमीटर जाडीची जात पाटीच्या कामाला योग्य. जाडीच्या तिपटीपर्यंत आडवी सरक ती सहन करते. वरच्या हिशेबातल्या ९० सेंटिमीटर पाटीत पत्रा मध्यभागी स्थिर धरला तर प्रत्येक टोकाला सरक एकेक मिलिमीटरच येते, म्हणजे पट्टीला भरपूर सवड राहते. ती कोऱ्या लाकडावर मात्र धरत नाही. लाकडाचा पोत मोकळा असतो, धूळ असते, आणि पट्टी वरच्या तंतूंना तेवढी चिकटते. आधी सीलरचे दोन हात, मग घासकागद, मग पट्टी. चिकटवल्यावर रोलरने जोर देऊन दाबावे लागते. २० मिनिटांत निम्मी ताकद येते, पूर्ण ताकदीला ७२ तास लागतात. गिऱ्हाईक दारात उभे असताना हे तीन दिवस सांगणे जड जाते. न सांगितल्यास पाटी भिंतीवर चढताना पत्रा घसरलेला सापडतो.

ताठ गोंदाची जागा वेगळी आहे, आणि मराठी पाट्यांच्या कामात ती फार महत्त्वाची. महाराष्ट्रात २०२२ मध्ये दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती होऊन लहान दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी बंधनकारक झाली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली. रोमन अक्षरांची सवय झालेल्या कार्यशाळांना आरपार कापलेली देवनागरी करताना एक अडचण प्रकर्षाने जाणवते. रोमन लिपीत ओ, ए, बी अशा मोजक्या अक्षरांच्या पोटातला तुकडा सुटा पडतो. देवनागरीत शिरोरेषा वरून झाकण घालते, त्यामुळे व, ब, क यांच्या बरोबरीने प, म, य, स, ष यांच्याही पोटात बंदिस्त जागा तयार होते. ‘समर्थ स्वीट मार्ट’ एवढे कापले तरी फळ्यातून सुटे तुकडे ओंजळभर निघतात. त्या प्रत्येक तुकड्याला मागच्या अ‍ॅक्रिलिकशिवाय दुसरा आधार नाही.

इथे गोंदाला पर्याय नसतो, पण सुदैवाने इथेच हालचाल नगण्य असते. तीन सेंटिमीटरच्या तुकड्याखाली अ‍ॅक्रिलिक सर्वांत वाईट परिस्थितीतही ०.०७ मिलिमीटरच सरकते. मोठ्या पत्र्याला मारक ठरणारा ताठ इपॉक्सी या तुकड्यांना बिनधास्त चालतो. मात्र तो कडेपासून दोन मिलिमीटर आत थांबवायचा. बाहेर आलेला ओघळ उजेडात काळ्या दाढीसारखा दिसतो. त्याहून स्वच्छ रीत म्हणजे कापण्याआधीच फळ्याच्या पाठीवर पातळ दुहेरी चिकटपट्टीचा पूर्ण ताव लावून घेणे. लेझर लाकूड आणि ताव एकदमच कापतो, प्रत्येक तुकडा आपला गोंद घेऊनच बाहेर पडतो आणि गोंदाची कड लाकडाच्या कडेशी तंतोतंत जुळते. तुकडे लहान असल्याने या पातळ पट्टीला ताणही फारसा येत नाही. मुख्य फळ्याच्या पाठीवरचा ताव मात्र झाकणकागदासकट तसाच ठेवावा किंवा काढून टाकावा. तिथे जाड फोमचीच गरज असते.

तुकडे जागेवर बसवण्याची युक्ती जुन्या कारागिरांकडून नव्यांकडे जाते. कापून निघालेली अक्षरे फेकायची नाहीत. फळा अ‍ॅक्रिलिकवर ठेवून अक्षरे परत आपापल्या खोबणीत बसवायची. त्यांच्या पोटात सुट्या तुकड्याची जागा आपोआप नेमकी ठरते. तुकडा चिकटवायचा, सुकू द्यायचा, मग अक्षर अलगद उचलून काढायचे. फूटपट्टी, पेन्सिल काहीच लागत नाही. काही जण अक्षराच्या पोटाला अरुंद पूल सोडून तुकडा फळ्यालाच जोडलेला ठेवतात. मालवाहू पेटाऱ्यांवरच्या स्टेन्सिलला ते शोभते, हॉटेलच्या नावाला फारसे नाही. पण शाळेच्या किंवा बँकेच्या मोठ्या पाटीवर टिकाऊपणासाठी पूल सोडणे शहाणपणाचे.

फळ्याच्या कडेला खरे तर गोंद टाळता आला तर उत्तम. पाठीमागे अ‍ॅक्रिलिकच्या जाडीची खाच घेऊन पत्रा त्यात सैल बसवायचा आणि वरून बारीक बीडिंग पट्ट्या स्क्रूने आवळायच्या. खाच पत्र्यापेक्षा चहूबाजूंनी दोन-तीन मिलिमीटर मोठी ठेवायची. पट्टी आणि पत्रा यांच्यामध्ये पातळ फोम दिला की वाऱ्याने पत्रा खडखडत नाही. पत्र्याचे वजन खालच्या कडेवर येते, मध्यभागी वर एका ठिकाणी त्याला धरले की दोन्ही टोके मोकळी सरकतात. कापलेल्या अक्षरांच्या कडेपासून खाचेपर्यंत निदान बारा मिलिमीटर लाकूड राखावे, नाहीतर उजेड कडेने गळतो. सुटे तुकडे पत्र्याला चिकटवलेले आणि पत्रा फळ्यात सैल, असे झाले तर वर्षभरात अक्षराच्या पोटातला तुकडा आणि बाहेरची कड यांतली फट लांबच्या टोकाला मिलिमीटरभर कमी-जास्त होते. पाच-सहा मिलिमीटरच्या रेघेत ते डोळ्यांना कळत नाही. बारीक रेघेच्या अक्षरात कळते. म्हणून लांब पाटीला जाड वळणाचे अक्षर सुचवावे.

थेट स्क्रू मारायचाच असेल तर अ‍ॅक्रिलिकमधले भोक स्क्रूच्या दांड्यापेक्षा दोन मिलिमीटर मोठे असावे, स्क्रूचे डोके सपाट बुडाचे, खाली नायलॉनचा वॉशर, आणि आवळून झाल्यावर पाव फेरा सैल. शंकूच्या आकाराचे डोके अ‍ॅक्रिलिकमध्ये पाचरीसारखे घुसते आणि भोकापासून चीर काढते. लाकडाचे किंवा लोखंडाचे धारदार ड्रिल पत्रा पकडून उचलते; टोक अधिक निमुळते घासलेले ड्रिल सावकाश, खाली फळकूट ठेवून चालवावे.

पेटीच्या खोलीचा सांध्याशी संबंध उशिरा ध्यानात येतो. एलईडीच्या दोन ठिपक्यांमध्ये जेवढे अंतर, साधारण तेवढी खोली दिली तर दुधी पत्र्यावर उजेड सारखा पसरतो. कमी खोलीत ठिपके दिसतात, आणि ते घालवायला अधिक दाट पट्टी लावली की उष्णता वाढते. मीटरला साठ दिव्यांची ५०५० पट्टी १४.४ वॅट घेते, त्याच संख्येची ३५२८ पट्टी ४.८ वॅट. घराच्या नामफलकाला दुसरी पुरते. पेटी आतून पांढरी रंगवावी, खाली आणि वर जाळी लावलेली भोके ठेवावीत. तापलेली बंद पेटी पत्र्याला ढकलते आणि तिच्यात कोंडलेला ओलावा लाकडाला. वीजपुरवठ्याचा डबा पेटीत न कोंबता बाहेर, हात पोचेल अशा जागी लावणे बरे.

कामाचा क्रम ठरलेला असावा. आधी कापणे, मग लेझरने जळलेल्या कडा घासणे, कारण काजळीवर कोणताच गोंद धरत नाही आणि तिचा एक ठसा दुधी पत्र्यावर कायमचा राहतो. मग सीलर आणि पॉलिश, मग तीन-चार दिवस नुसते सुकणे. थिनरचा वास येत असलेल्या लाकडावर अ‍ॅक्रिलिक झाकले तर त्या वाफेनेही पत्रा चिरतो. पत्र्यावरचा कागद शेवटपर्यंत सोलायचा नाही. सोलताना त्यावर स्थिर वीज जमते आणि खोलीतली सगळी धूळ त्याच्याकडे धाव घेते. पत्रा किंचित ओलसर फडक्याने टिपून लगेच बसवावा. पेटी बंद करण्यापूर्वी दिवा लावून अंधारात एकदा पाहावे. दिवसाउजेडी न दिसलेला केस, बोटाचा ठसा, गोंदाचा बुडबुडा तेव्हा सगळा समोर येतो, आणि तेव्हाच काढता येतो.

पाटी उघडावी लागणार हे गृहीत धरूनच सांधा करावा, कारण एलईडी केव्हातरी जाणारच. बीडिंग पट्टीची पाटी स्क्रू काढून उघडते. फोमची पट्टी असेल तर मासेमारीचा नायलॉनचा दोरा सांध्यात घालून करवतीसारखा मागेपुढे ओढला की फोम मधून कापला जातो. उरलेला थर अंगठ्याने चोळून निघतो. सिलिकॉनला पातळ पाते लागते आणि जुना थर पूर्ण खरवडावा लागतो, कारण जुन्या सिलिकॉनवर नवी पट्टी किंवा दुसरा गोंद धरत नाही. इपॉक्सीने चारही कडा बंद केलेली पाटी उघडताना पत्रा फुटतोच. अशा दुरुस्तीला नव्या पत्र्याची किंमत धरूनच दर सांगावा.